प्रवर्गाचा रकाना भरायचा की मोकळा सोडायचा?

पत्र पुण्यातल्या एका आईचं आहे. कुटुंब बौद्ध, मूळ नांदेड जिल्ह्यातलं. पती राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी, त्या स्वतः माध्यमिक शाळेत शिक्षिका. मुलगी बारावी विज्ञानला आहे. तिला अभियांत्रिकीला जायचंय आणि सराव परीक्षांत गुण चांगले पडतायत. सीईटीचा अर्ज भरायला बसल्यावर तिनं सांगून टाकलं, ‘मी एससी लिहिणार नाही. ओपनमधूनच जाईन.’ वर्गातल्या मैत्रिणी ‘तुझं काय बाई, तुला मिळेलच’ म्हणतात, ते तिच्या मनाला लागलंय. वडील म्हणतात, हक्क सोडायचा नाही. गावाकडे दिरांचा मुलगाही यंदा बारावीलाच आहे आणि त्याच्या घरी शेतमजुरीवर भागतं. मुलीचा दुसरा मुद्दा त्याच्यावरून: ‘आपण जागा घेतली की त्याच्यासारख्याची जाते.’ आईला बापाचंही पटतं आणि लेकीचंही. त्या विचारतात, आम्हाला आता गरज उरली नसताना सवलत घेणं बरोबर आहे का? आणि घेतलीच, तर तिच्या मनावर बसणारा शिक्का कसा पुसायचा?

तुमच्या घरातला अर्धा वाद एका तांत्रिक गैरसमजातून आलेला दिसतो, म्हणून आधी तो.

खुल्या जागा या ‘आरक्षण नसलेल्या जातींच्या’ जागा नाहीत. त्या सगळ्यांच्या आहेत, तुमच्या मुलीच्याही. तिनं अर्जात अनुसूचित जाती लिहिलं आणि तिचे पर्सेंटाइल खुल्या कटऑफच्या वर असले, तर तिला खुलीच जागा मिळते. अनुसूचित जातीच्या १३ टक्क्यांतली एकही जागा तिच्या नावे खर्च होत नाही. हे तत्त्व १९९२च्या इंद्रा साहनी निकालात आहे आणि डिसेंबर २०२०च्या सौरव यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा ठणकावून सांगितलं. जेईईच्या मार्गानं गेलात तरी तेच. सामाईक गुणवत्ता यादीत सगळ्या प्रवर्गांची मुलं असतात, प्रवर्गाची यादी त्याखेरीज वेगळी लागते. म्हणजे ‘ओपनमधून जाईन’ ही तिची जिद्द रकाना भरूनही पुरी होऊ शकते. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या, वाटपपत्रावर जागेचा प्रकार छापलेला असतो, तो तिला स्वतःला वाचता येईल.

(पुढे नोकरीच्या परीक्षांत एक अपवाद भेटेल. केंद्राच्या भरतीत वयाची किंवा जास्तीच्या प्रयत्नांची सूट वापरली, तर साधारणपणे खुल्या जागेवर दावा राहत नाही. प्रवेशात हा प्रश्न येत नाही.)

उलट रकाना मोकळा सोडला आणि सीईटीचा दिवस वाईट गेला, तर मुदत संपल्यावर प्रवर्ग घालता येत नाही. सतरा-अठराच्या वयात रागाच्या भरात घेतलेला निर्णय मग वर्षभर बदलता येत नाही, आणि त्याचा खरा तोटा हाच आहे.

आता चुलतभावाचं. समजा तिला प्रवर्गातूनच मिळाली असती अशी जागा तिनं सोडली. ती कुणाकडे जाईल? त्याच महाविद्यालयाची तीच शाखा मागणाऱ्या, अनुसूचित जातीच्या यादीतल्या तिच्या खालच्या नावाकडे. ते नाव शेतमजुराच्या मुलाचं असेल किंवा दुसऱ्या एखाद्या बँक अधिकाऱ्याच्या मुलाचं. प्रवर्गाच्या आतली यादी गुणांवर लागते, उत्पन्नावर नाही. तुमच्या पुतण्याला ती जागा मिळायची, तर त्यानं नेमका तोच पर्याय भरलेला हवा आणि नेमका तोच पुढचा क्रमांक हवा. मुलीचा हेतू चांगला आहे, पण तिचा त्याग कुणाच्या घरी पोचेल हे तिच्या हातात नाही. पुतण्यासाठी खरोखर काय करता येईल ते पुढे लिहिते, कारण ते बरंच आहे आणि तुमच्याच कपाटात आहे.

‘आम्हाला आता गरज नाही’ या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: आरक्षण गरिबीवरचा उपाय आहे. अर्ध्या महाराष्ट्राला तसंच वाटतं, त्यामुळे तुम्हालाही वाटलं यात नवल नाही. पण शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या, त्या कारभारात एकाच थरातले लोक भरलेले होते म्हणून. ३० नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत बाबासाहेबांनी दोन बाजू एकत्र मांडल्या. संधी सर्वांना समान हवी, आणि प्रशासनापासून आजवर बाहेर ठेवलेल्या समाजांना आत येण्याची सोयही हवी. म्हणून राखीव जागा अल्पसंख्य असाव्यात, असं ते म्हणाले. घटनेच्या १६(४) कलमात कसोटी आहे ती मागासलेपणाची आणि सेवांत पुरेसं प्रतिनिधित्व नसण्याची. निव्वळ आर्थिक निकषावरचं आरक्षण घटनेत आलं ते २०१९मध्ये, १०३व्या दुरुस्तीनं, ईडब्ल्यूएसच्या रूपानं. तेही ज्यांना इतर आरक्षण नाही त्यांच्यासाठी.

गरिबीसाठी हत्यारं वेगळी आहेत: शिष्यवृत्ती, वसतिगृह, शुल्कमाफी. त्यांना उत्पन्नाची अट असते, आणि असायलाच हवी. जागेला ती अट का नाही, याचं उत्तर आडनावात आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले, फरक फक्त नावांचा. दलित वाटणाऱ्या नावांना मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावांपेक्षा कमी निघाली. त्या अर्जांत बापाचा पगार कुणी विचारलाच नव्हता.

‘दहा वर्षांचीच मुदत होती ना?’ हाही प्रश्न मुलीच्या कानावर आला असेल. घटनेतली दहा वर्षांची मुदत ३३४व्या कलमात आहे आणि ती लोकसभा-विधानसभेतल्या राखीव मतदारसंघांपुरती आहे. संसद ती वेळोवेळी वाढवत आली, सध्या ती २०३०पर्यंत आहे. शिक्षण आणि नोकरीच्या आरक्षणाला अशी कालमर्यादा घटनेत कधीच नव्हती.

पण तुमच्या मुलीची अस्वस्थता मी झटकून टाकणार नाही. लाभ वरच्या थरात साचतो, ही तक्रार खरी आहे. ओबीसींच्या केंद्रीय जागांची विभागणी कशी झाली हे तपासायला २०१७मध्ये रोहिणी आयोग नेमला गेला. त्याच्या पाहणीत सुमारे ९७ टक्के लाभ पंचवीस टक्के पोटजातींकडे गेल्याचं दिसलं आणि जवळजवळ हजार जातसमूहांच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं. अनुसूचित जातींबाबत १ ऑगस्ट २०२४च्या दविंदर सिंग निकालानं राज्यांना उपवर्गीकरणाची, म्हणजे प्रवर्गाच्या आत पोटगट पाडण्याची, मुभा दिली. त्याच निकालात चार न्यायमूर्तींनी अनुसूचित जाती-जमातींतही क्रीमी लेयर, म्हणजे आरक्षणातून वगळायचा सुस्थितीतला थर, शोधावा असं मत मांडलं. आज प्रवेशासाठी तसा नियम नाही. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात चाललेला वाद सर्वोच्च न्यायालयातही चालला आहे. सुस्थितीतल्या कुटुंबांनी बाजूला व्हावं असं तुमच्या मुलीला मनापासून वाटत असेल, तर ते तिनं लिहावं, बोलावं, पुढे मतदान करताना ध्यानात ठेवावं. धोरण त्या वाटेनं बदलतं. एका मुलीनं गुपचूप रकाना मोकळा ठेवल्यानं बदलत नाही.

दुसरी बाजूही तिच्या कानावर घाला. वरच्या पदांपर्यंत पोचणारी माणसं बहुधा शिकलेल्या घरांतल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतून येतात. ती पिढी एकदम बाजूला झाली, तर शिपाई-कारकुनांत प्रतिनिधित्व टिकेल आणि प्राध्यापक-सचिवांत घसरेल. हे माझं मत आहे, त्यावर वाद होऊ शकतो.

‘गुणवत्ता घसरते’ याबद्दल मात्र मतापेक्षा अभ्यास बरे. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेची १९८० ते २००२ची आकडेवारी तपासली. आरक्षणामुळे उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. ‘अ’ आणि ‘ब’ गटातल्या पदांवर अनुसूचित जाती-जमातींचं प्रमाण वाढलं, तिथे काही निकषांवर परिणाम उलट चांगला दिसला. अभियांत्रिकीपुरतं चित्र संमिश्र आहे. सुरेंद्रकुमार बागडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१६च्या अभ्यासात, राखीव जागांवरून आलेली मुलं न झेपणाऱ्या ठिकाणी जाऊन मागे पडतात, असं आढळलं नाही. मात्र एका नामवंत संस्थेतल्या दुसऱ्या अभ्यासात, जास्त चढाओढीच्या शाखा घेतलेल्या राखीव गटातल्या मुलांची कमाई त्याच गटातल्या इतर शाखांच्या मुलांपेक्षा कमी निघाली. यातून तुमच्या कामाचं एवढंच घ्या: केवळ कटऑफ बसतो म्हणून कॉम्प्युटरची शाखा घेऊ नका. मुलीला मेकॅनिकल किंवा सिव्हिल आवडत असेल, तर पसंतीक्रमात ते वर टाका.

आता शिक्क्याबद्दल. रकाना मोकळा ठेवला की शिक्का लागणार नाही, हे गृहीतक सगळ्यांत कच्चं आहे. टोमणा मारणारी मुलगी वाटपपत्र बघून टोमणा मारत नाही, आडनाव ऐकून मारते. ओपनमधून गेलात तरी ‘खरंच ओपन का?’ हा प्रश्न येणारच. म्हणून तिला तीन गोष्टी पाठ असू द्या. प्रवेशानंतर परीक्षा, उत्तीर्णतेचे गुण, प्रकल्प, पदवी सगळं सगळ्यांना सारखंच असतं. रँक किंवा प्रवर्ग विचारणाऱ्याला उत्तर देणं तिच्यावर बंधनकारक नाही, ‘का विचारतेस?’ एवढं पुरतं. आणि व्यवस्थापन कोट्यातून आलेल्या मुलाला ‘तुझं कसं झालं’ असं वर्गात सहसा कुणी विचारत नाही, ही गंमत तिच्या ध्यानात असावी.

टोमण्यापलीकडे गेलं, म्हणजे गटात न घेणं, वसतिगृहात वेगळं वागवणं, शिक्षकानं वर्गात जातीवरून बोलणं, तर त्याच दिवशी तारीख, वेळ, नेमके शब्द आणि कोण हजर होतं ते लिहून ठेवायचं. तक्रार तोंडी करायची नाही. समान संधी कक्षाकडे किंवा अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे लेखी द्यायची आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक नि तारीख घ्यायची. जातीवरून केलेला छळ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या दुरुस्तीपासून रॅगिंगच्या व्याख्येतही येतो. अशा तक्रारी बहुतेक वेळा फसतात त्या तपशील महिनाभरानंतर आठवून लिहिल्यामुळे.

निर्णय घ्यायचा तर माझा कौल असा: रकाना भरा. मन टोचत असेल तर जागेऐवजी पैशाची सवलत सोडा. अडीच लाखांच्या वर उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना कॅपमधून प्रवेश झाल्यावर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची फ्रीशिप मिळते. त्यासाठी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज करावा लागतो. तो करू नका, शुल्क भरा. यात गुणवत्ता यादीतला कुणाचाही क्रमांक हलत नाही आणि ‘गरज नसताना घेतलं’ हा सलही राहत नाही. वडील कदाचित यालाही नाही म्हणतील, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दोघांत तडजोड व्हायला ही जागा बरी आहे, एवढंच. आणि हे सगळं समजून घेतल्यावरही मुलगी नको म्हणाली, तर तिचं ऐका. अर्ज तिचा आहे. अट एकच, कागद तरीही तयार ठेवायचे.

कागद म्हणजे काय, ते थोडं सविस्तर, कारण घोळ इथेच होतात. प्रांत कार्यालयाचं जात प्रमाणपत्र पुरत नाही, जिल्हा जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. बारावी विज्ञानच्या मुलांनी हा अर्ज महाविद्यालयामार्फत करायचा असतो, आणि अकरावीत केलेला बरा. सोबत नमुना ३मध्ये वंशावळीचं शपथपत्र आणि नमुना १७मध्ये कागदपत्रांच्या सत्यतेचं. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०पूर्वीचा पुरावा बघतात: आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा, जन्म-मृत्यूची गाव नमुना १४ची नोंद, जुनी जमिनीची नोंद. तुमचं मूळ मराठवाड्यात, म्हणजे निजामाच्या काळातले काही कागद उर्दूत किंवा मोडीत निघतील. त्यांचं अधिकृत लिप्यंतर करून घ्यायला वेळ लागतो, तो धरून चला. नावात आणि आडनावात पिढीगणिक पडलेला फरक हे त्रुटी निघण्याचं नेहमीचं कारण आहे. तो वंशावळीतच स्पष्ट करा. कॅपमध्ये वैधता वेळेत दिली नाही तर प्रवर्गाचा दावा जातो. सरकार मुदतवाढ देतं हे खरं, पण ती दरवर्षी मिळेलच असं धरू नका. अनुसूचित जातीला नॉन क्रीमी लेयर लागत नाही. कुणी मागितलं तर नियम दाखवा.

एनआयटी-आयआयटीचा विचार असेल तर आणखी एक. बौद्ध कुटुंबांच्या प्रमाणपत्रावर नुसतं ‘नवबौद्ध’ असून केंद्राच्या प्रवेशात भागत नाही. केंद्राच्या नमुन्यात, अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशातल्या यादीप्रमाणे मूळ जात लिहिलेलं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी प्रांताकडे वेगळा अर्ज आत्ताच करा.

आता पुतण्या. तुमच्या पतीचं किंवा मुलीचं वैधता प्रमाणपत्र हा त्याच्यासाठी फार वजनदार पुरावा आहे, कारण वडिलांकडचं रक्ताचं नातं आहे. उच्च न्यायालयानंही रक्ताच्या नात्यातल्या वैधतेला महत्त्व दिलं आहे. वैधता प्रमाणपत्राची प्रत, तुमच्या प्रकरणात जोडलेले सगळे जुने उतारे आणि वंशावळ असा एक संच त्याला द्या. पतीनं नात्याचं शपथपत्र द्यावं. मजुरी बुडवून तहसीलला खेटे घालणाऱ्या बापाचे कितीतरी दिवस यात वाचतात.

त्याच्या घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर त्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवायला सांगा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे तुमचे पती दहा मिनिटांत तपासू शकतील. मंजूर झालेली शिष्यवृत्ती खात्यात न पडण्याचं हे नेहमीचं कारण आहे. समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज करायला लावा. तिथे नंबर लागला नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, राहण्या-जेवणाच्या खर्चाला. पसंतीक्रम भरताना त्याच्याजवळ कुणी तरी बसा, फोनवर का होईना. पहिल्या पसंतीची जागा पहिल्याच फेरीत मिळाली तर ती पक्की धरली जाते, पुढच्या फेऱ्या बंद होतात. खात्रीचं म्हणून जवळचं, कमी कटऑफचं महाविद्यालय पहिलं टाकणारी मुलं इथेच फसतात. खरोखर हवं ते वर, खात्रीचं खाली.

अशाच पेचातल्या इतर वाचकांसाठी दोन ओळी. ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) प्रवर्गाला वैधतेसोबत नॉन क्रीमी लेयर लागतं, आणि ते प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. मागच्या वर्षीचं जोडून जागा घालवणारे दरवर्षी भेटतात. केंद्राच्या ओबीसी निकषात आठ लाखांची मर्यादा मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, पण आईवडिलांच्या पदाचा दर्जा बघतात. ईडब्ल्यूएसमध्येही आकडा आठ लाखांचाच, मात्र तिथे पगार, शेती, धंदा सगळं मोजतात. केंद्राच्या प्रमाणपत्राला पाच एकर शेतजमीन, हजार चौरस फुटांचा फ्लॅट अशा मालमत्तेच्या अटीही आहेत. एकाचा हिशोब दुसऱ्याला लावू नका. ईडब्ल्यूएस आणि दुसरा प्रवर्ग असे दोन्ही दावे एकत्र करता येत नाहीत.

तुमच्याकडे आत्ता करण्यासारखं पहिलं काम: पतीची वैधतेची फाइल काढा आणि त्यातल्या प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स करा, एक लेकीसाठी आणि एक नांदेडला पाठवायला.